पाच सेकंदांचा दिवा

२८ डिसेंबर १९८० ची मध्यरात्र उलटून गेलेली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सफोकमधल्या रेंडलशमच्या जंगलात चार्ल्स हॉल्ट हा अमेरिकी हवाई दलाचा अधिकारी काही सहकाऱ्यांना घेऊन चालला होता. परग्रहावरचं यान उतरल्याची गोष्ट म्हणून पुढे गाजलेल्या प्रकरणातली ही रात्र. हातात छोटा टेपरेकॉर्डर, त्यावर मधूनमधून बोलून तो नोंदी करत होता. जंगलाला लागून वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स हे हवाई दलाचे दोन तळ होते आणि ते तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. हॉल्ट तिथला उपप्रमुख. टेप एकूण अठरा मिनिटांची आहे. तिच्यात एका जागी समोरच्या झाडांमधून दिवा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो, आणि दर वेळी कोणीतरी 'तो बघा, पुन्हा' अशा अर्थाचं ओरडतं.

या दोन ओरडण्यांमधलं अंतर घड्याळ लावून मोजलं, तर ते पाच सेकंद भरतं.

जंगलाच्या कडेपासून साधारण आठ किलोमीटरवर, समुद्राच्या काठी ऑर्फर्डनेसचं दीपगृह होतं. १७९२ साली बांधलेलं, तीस मीटर उंचीचं. त्याचा दिवा दर पाच सेकंदांनी एकदा चमकायचा.

प्रकरण सुरू झालं होतं दोन रात्री आधी. २६ डिसेंबरला पहाटे तीनच्या सुमाराला फाटकावरच्या पहारेकऱ्यांना आकाशातून काहीतरी तेजस्वी जंगलात उतरल्यासारखं वाटलं. विमान कोसळलं असेल म्हणून तिघे जण आत गेले. त्याच सुमाराला दक्षिण इंग्लंडवरून एक मोठी उल्का जळत गेली होती आणि ती अनेकांनी पाहिली होती. अशी उल्का प्रत्यक्षात शंभर-दीडशे किलोमीटर दूर असली तरी समोरच्या झाडीमागेच पडली, असं वाटतं. रात्रीच्या आकाशात अंतर ठरवायला डोळ्याकडे काहीच साधन नसतं. दिवसा आपण ओळखीच्या वस्तूच्या आकारावरून अंतर ताडतो. पण ठिपक्याला आकारच नसतो. जवळची मिणमिणती बॅटरी आणि दूरचा प्रखर दिवा डोळ्याला सारखेच दिसतात.

या तिघांनी काय पाहिलं, याबद्दल त्यांच्यातच एकमत नव्हतं, आणि मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते. त्यांच्यापैकी एकाने लेखी जबाबात साधेपणाने सांगितलं आहे की फिरणारा एक दिवा दिसला, आम्ही त्याच्या मागे दोनेक मैल गेलो, तेव्हा कळलं की तो दीपगृहाचा आहे. दुसऱ्याने पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं की आपण यानाला हात लावला होता. पहाटे चारनंतर आलेल्या स्थानिक पोलिसांनी नोंद केली ती अशी की ऑर्फर्डनेसच्या दिव्याशिवाय दुसरा कुठलाही उजेड दिसला नाही. जंगल एक, रात्र एक, आणि साक्षी तीन तऱ्हेच्या.

अशा वेळी दीपगृहाच्या रखवालदाराला विचारावं, तर तोही नव्हता. ऑर्फर्डनेस तोवर स्वयंचलित झालं होतं, दिव्यापाशी कोणी राहत नव्हतं. पण रखवालदारांच्या पिढ्यांनी जे जपलं, ते त्या दिव्यातच होतं: त्याची लय. किनाऱ्यावरचा प्रत्येक दिवा वेगळा ओळखता यावा म्हणून त्याच्या चमकण्याचा काळ ठरवून दिलेला असतो आणि तो समुद्राच्या नकाशावर छापलेला असतो. कुठे पाच सेकंदांनी एक झोत, कुठे दहा सेकंदांत दोन. अंधारात बोट हाकणारा माणूस दिवा किती मोठा दिसतो ते बघत बसत नाही, तो सेकंद मोजतो. कारण प्रखरता धुक्याने बदलते, रंग हवेने बदलतो, आकाराचा तर प्रश्नच नाही. काळ मात्र बदलत नाही.

इयन रिडपाथ या ब्रिटिश विज्ञानलेखकाने १९८३ मध्ये जंगलात जाऊन हाच दिवा पाहिला. जंगलाची खडान् खडा माहिती असलेल्या वनखात्यातल्या एका माणसाने त्याला दीपगृहाची दिशा दाखवली होती. तिथे उभं राहिल्यावर तो दिवा जमिनीलगत, खोडांच्या मधून चमकताना दिसायचा. आपण चालू लागलो की जवळची झाडं मागे सरकतात आणि दूरचा दिवा आपल्याबरोबर झाडांमधून पुढे सरकतो. रात्रीच्या एसटीच्या खिडकीतून पाहताना चंद्र आपल्यासोबत धावतो, तसंच. जंगलात 'पकडायला गेलं की मागे हटणारा' दिवा दिसला, त्यात हे कारण पुरेसं आहे.

हॉल्ट यांना हे आजही मान्य नाही. दीपगृह आपल्याला ठाऊक होतं आणि आपण पाहिलेला दिवा वेगळा होता, असं ते सांगत आले आहेत. त्यांचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण टेपवरचे पाच सेकंद त्यांच्या आठवणीहून जुने आहेत, आणि दोन्हींत निवडायचं तर मी टेप निवडेन.

आता आकाशाकडे. १३ जानेवारी १९८१ च्या आपल्या टिपणात हॉल्ट यांनी लिहिलं की ताऱ्यांसारख्या तीन वस्तू दिसल्या, दोन उत्तरेला, एक दक्षिणेला, सगळ्या क्षितिजापासून सुमारे दहा अंशांवर. त्या झटक्याने कोनात हालत होत्या आणि लाल, हिरवा, निळा रंग दाखवत होत्या. दक्षिणेची वस्तू दोन-तीन तास दिसत राहिली.

डिसेंबरअखेर पहाटे इंग्लंडच्या आकाशात नैऋत्येला खाली कोण असतं? व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. रिडपाथ यांनी दक्षिणेच्या वस्तूची ओळख व्याध अशीच पटवली, आणि उत्तरेच्या दोन वस्तू म्हणजे अभिजित आणि हंस (डेनेब) हे तारे. दहा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने सुमारे साडेपाचपट जास्त हवा ओलांडून येतो. ही हवा थरथरते. गरम आणि थंड हवेचे लहान लहान गोळे प्रकाशाला क्षणाक्षणाला वेगवेगळं वाकवतात. शिवाय निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकतो, म्हणून एकाच ताऱ्याचे रंग वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि आळीपाळीने लुकलुकतात. व्याध खाली असताना लाल-हिरवा-निळा चमकतो तो यामुळे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडेही तो उगवताना पाहा, रंग मोजता मोजता दमाल.

उरली हालचाल. १७९९ साली अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या थोर निसर्गशास्त्रज्ञाने तारे डोलताना पाहिले आणि ते खरंच डोलतात असं धरून त्या प्रकाराला नावही दिलं. हा डोळ्याचा खेळ असावा, असं म्हणायला १८५७ साल उजाडलं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एकटा ठिपका टक लावून पाहिला की थोड्याच वेळात तो सरकू लागतो. शेजारी खिडकीची चौकट नाही, झाडाची फांदी नाही, मग डोळ्याची बारीक हालचाल कोणती आणि ठिपक्याची कोणती, हे मेंदूला सांगता येत नाही.

मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याचाच प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका दाखवून तो किती सरकला हे लोकांना विचारलं. एकेकट्याला विचारलं तेव्हा उत्तरं खूप वेगळी. एकत्र बसवून मोठ्याने सांगायला लावलं, तेव्हा ती हळूहळू एका आकड्याभोवती गोळा झाली, आणि पुढे एकट्याने सांगतानाही माणसं गटाचाच आकडा धरून राहिली. दिवा तसूभरही हलला नव्हता! चार जणांनी एकच गोष्ट पाहिली म्हणजे ती घडलीच, हा आपला भरवसा इथे पार ढासळतो. त्या जंगलातही माणसं एकमेकांशी बोलतच आकाशाकडे पाहत होती.

हे परदेशातच घडतं असंही नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये, पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग इथून आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा ते ताबारेषा ओलांडून आल्याचं लिहिलं होतं. चिनी ड्रोनचा संशय होता. मग बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारण्यात आलं. दिवे कधी आणि क्षितिजाच्या संदर्भात कुठे दिसतात, हे ताडून पाहिल्यावर एक गुरू निघाला आणि दुसरा शुक्र. सीमेवर उणे तापमानात जागणाऱ्या माणसाने शंका घेणं हे त्याचं कामच आहे. त्यांनी नोंदी ठेवल्या, म्हणून तर उत्तर सापडलं.

ऑर्फर्डनेसचा दिवा जून २०१३ मध्ये कायमचा विझवला गेला. समुद्र किनारा खात पायथ्याशी येऊन पोचला होता. २०२० मध्ये मनोराही पाडला. जंगलात उभं राहून तो झोत पुन्हा मोजणं आता शक्य नाही, पण हॉल्ट यांची टेप कोणालाही ऐकता येते, आणि तिच्यातला तो दिवा अजून दर पाच सेकंदांनी लागतो.