टॅरंटुला चावला की माणूस जातो?

पाऊस लागला की राधानगरीकडं कुणाच्या तरी पडवीत केसाळ कोळी निघतो आणि कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच जुना मेसेज फिरतो: 'टॅरंटुला चावला की माणूस खल्लास.' साफ चूक. त्याच्या विषानं माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद जगात नाही. चावा झोंबतो, सूज येते. आपल्याकडच्या काही जातींच्या चाव्यानं स्नायूंत गोळेही येतात, तेव्हा दवाखाना गाठायचाच. अंगावरचे केस उडवून खाज आणणारे टॅरंटुला अमेरिका खंडातले, आपले नव्हेत.

मादी सहसा रेशमाचं अस्तर लावलेल्या बिळाच्या तोंडाशी दबा धरते. किड्याच्या पावलांचा हादरा जाणवला की झडप! ती कैक वर्षं जगते. पडवीतला पाहुणा बहुधा मादी शोधत निघालेला नर, त्याचं आयुष्य संपत आलेलं. चप्पल कशाला उचलता? बरणी उपडी घाला, खालून पुठ्ठा सरकवा, बांधावर सोडा.