कलेक्टर (बेळगाव सीमाभाग)

जिल्ह्याचा महसूल, तिजोरी आणि फौजदारी अंमल एकाच हाती सांभाळणारा अधिकारी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मराठी लोक आज त्याला ‘डीसी’ म्हणतात, कारण कर्नाटकात या पदाचे नाव डेप्युटी कमिशनर आहे. जुन्या दप्तरात मात्र ‘कलेक्टर’ हाच शब्द भेटतो.

10 एप्रिल 1818 रोजी बेळगावचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी मन्रो याच्या फौजेने घेतला आणि इथला पेशवाईचा अंमल उठला. पेशवाईतला वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदार, वसुलीआधीच सरकारात रसद, म्हणजे आगाऊ रक्कम, भरायचा आणि ती व्याजासह वसुलातून फेडून घ्यायचा. दुसऱ्या बाजीरावाने परगणे मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या बोलीवर, द्यायला सुरुवात केल्यावर रयत पिळली गेली. कलेक्टर पगारी होता, हा खरा फरक. आधी हा मुलूख धारवाडच्या मुख्य कलेक्टरकडे होता. बेळगाव जिल्हा 1836 मध्ये वेगळा झाला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे पोलिटिकल एजंटही होता. त्याने कित्तूर संस्थानाचे दत्तकविधान नाकारले, खजिन्याला सील ठोकून पहारा बसवला आणि 23 ऑक्टोबर 1824 च्या लढाईत तो मारला गेला. हिशेब आणि हुकूमत एकाच माणसाकडे दिल्यावर काय पेटू शकते, ते कित्तूरने दाखवले.

कलेक्टरच्या कामाचा कणा म्हणजे जमाबंदी, गावोगावच्या महसुलाचा वार्षिक हिशेब. महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपे. गावचा कुलकर्णी रोजची जमा रोजकीर्दीत लिही, खातेदाराला पावती देई आणि रक्कम खतावणीत त्याच्या नावावर घेई. रोकड चलनासह तालुक्याला पोचवण्याचे काम गावच्या महारांकडे असे. मामलेदार तपासणी करी, प्रांत (काही तालुक्यांवरचा अधिकारी) जमाबंदीवर सही करी आणि जिल्ह्याचा ताळा कलेक्टर पाही. मांडणी साधी: आकारबंदातला आकार (जमिनीवर ठरलेला सारा), त्यात बिनशेती आणि किरकोळ जमा, वजा सूट व तहकुबी (पुढे ढकललेली वसुली), उरली ती मागणी. मागणीतून वसूल गेला की बाकी. आठ-अ (खातेदाराच्या जमिनी आणि सारा दाखवणारा उतारा) च्या सगळ्या खात्यांची बेरीज गावच्या एकूण मागणीशी पैन् पै जुळायलाच हवी. घोळ नेमका इथेच होई. जमीन विकली, फेरफार मंजूर झाला, सातबारा बदलला, पण आठ-अ वर नाव ओढायचे राहिले, की जुन्या मालकाच्या नावाने बाकी निघे आणि नोटीसही त्यालाच जाई. म्हणून जुने कागद तपासणाऱ्याने दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

आकार ठरला तो सर्व्हे अधिकारी विंगेटच्या पाहणीने. मातीची खोली आणि पोत पाहून नऊ वर्ग पाडले. पहिल्याचे मोल 16 आणे, शेवटच्याचे 2 आणे. हा दर 30 वर्षांसाठी असे. पिकाची आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांच्या मापात पिकाचा अंदाज, वेगळी: पीक 4 आण्यांखाली गेले तर वसुली पूर्ण तहकूब, 4 ते 6 आण्यांत निम्मी तहकूब, त्यावर पूर्ण वसुली. भरपूर पावसाच्या खानापूरचा भात आणि कोरड्या अथणीची ज्वारी एकाच जिल्ह्यात असल्याने नजरेने लावलेली आणेवारी इथे हमखास चुके. खरी कसोटी म्हणजे उभ्या पिकात ठरावीक तुकडा आखून, कापून, मळून वजन करणे.

तिजोरीची खोली दुहेरी कुलपात असे. एक किल्ली तिजोरी अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. जबाबदारी शेवटी कलेक्टरचीच.

कुलकर्णी वतने 1 मे 1951 पासून बंद झाली, तलाठी आला. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा मैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. मुंबईचा 1879 चा जमीन महसूल कायदा बेळगावात 1 एप्रिल 1964 पर्यंत चालला. त्या दिवशी कर्नाटकातला आजचा कायदा लागू झाला. मामलेदार तहसीलदार झाला, प्रांत असिस्टंट कमिशनर झाला, सातबाऱ्याच्या जागी पहाणीपत्रक आले. लोक मात्र ‘उतारा’ आणि ‘तलाठी’ हेच शब्द धरून आहेत. जुने मोडी आणि कानडी कागद एकाच गठ्ठ्यात निघतात, तेव्हा शोध घेणाऱ्याने आधी सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा जुळवावा, नाव नंतर. कानडी आणि मराठी लिखाणात एकच आडनाव दोन तऱ्हांनी आलेले असते.