डिस्क दमली की लाईन भरली? स्टोरेज रिपोर्टमधले दोन आकडे

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या मोसमात दिवसाचा हिशेब दोन तऱ्हांनी सांगता येतो: काट्यावरून गाड्या किती गेल्या आणि माल किती क्विंटल आला. बंडी असो की ट्रक, काट्यावर प्रत्येकीला चढावंच लागतं. स्टोरेजच्या रिपोर्टमध्ये गाड्यांच्या जागी असतं आयओपीएस, म्हणजे सेकंदाला किती रीड-राइट झाले. क्विंटलच्या जागी असतं थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला किती एमबी गेले. आपण दोन्हींना सरसकट ‘स्पीड’ म्हणतो, आणि घोळ तिथंच होतो.

तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था धरा. आयस्कझी स्टोरेज, म्हणजे सर्व्हरला नेटवर्कने जोडलेला डिस्कचा डबा, त्यात 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेरे मारणाऱ्या) 10 डिस्क, मध्ये 1 गिगाबिटची लाईन. सकाळी काउंटरला गर्दी, पासबुकची एंट्री अडकलेली. मॅनेजर थ्रूपुटचा ग्राफ उघडतात, तर तिथे जेमतेम 3 एमबी. लाईनची ताकद कागदावर 125 एमबीची. मग प्रश्न येतो, “लाईन त मोकळीच दिसून राह्यली, मंग काउंटर काहून अटकते?”

कारण डेटाबेस 8 केबीची पानं वाचतो, तीही डिस्कवर विखुरलेली. अशी 400 पानं सेकंदाला वाचली-लिहिली तरी होतात 3,200 केबी. रात्री बॅकअप सुरू होतो तेव्हा तो 256 केबीचे सलग तुकडे उचलतो. तेच 400 आयओपीएस, पण माल 100 एमबी! आयओपीएसचा ग्राफ दिवसा आणि रात्री सारखाच दिसेल, दुखणं मात्र वेगळं. रात्री लाईन भरत आलेली असते, दिवसा डिस्क दमलेली. रात्रीसाठी 10 गिगाबिटची लाईन टाकली तर उपयोग होईल. काउंटरला तिचा काडीचा फायदा नाही, तिथे एसएसडीच (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) लागेल. म्हणून थ्रूपुट भागिले आयओपीएस करून सरासरी ब्लॉक, म्हणजे एका रीड-राइटचा तुकडा, किती केबीचा निघतो, ते मी आधी बघतो. बाकीचे रंगीत ग्राफ नंतर.

डिस्क दमते म्हणजे काय? 7200 आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या कामात एक डिस्क सेकंदाला साधारण 75 ते 80 वेळाच हात देते. दहा डिस्कचे झाले 750 ते 800.

त्यात रेड 5 असेल, म्हणजे डेटासोबत पॅरिटी (एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशेब) सगळ्या डिस्कवर वाटलेली असेल, तर प्रत्येक छोट्या राइटला चार कामं पडतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. 400 मध्ये 100 राइट असले, तर डिस्कवर पडतात 300 अधिक 400, म्हणजे 700. कॅशेने, म्हणजे डिस्कच्या आधीच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीने, काही झेललं नाही असं धरलं, तर हे अगदी काठावर आलं. सर्व्हरच्या बाजूने काढलेल्या रिपोर्टमध्ये दिसतात फक्त 400. म्हणून रीड आणि राइटची बेरीज करून एकच रेघ काढणारा रिपोर्ट मला फारसा कामाचा वाटत नाही.

काउंटरवरच्या माणसाला यातला कुठलाच आकडा जाणवत नाही. त्याला जाणवतो रिस्पॉन्स टाइम. तो मिलिसेकंदांचा कॉलम रीड-राइट वेगळा करून शेजारी ठेवा. पाच मिनिटांच्या सरासरीत दहा सेकंदांचा खोळंबा विरघळून जातो, त्यामुळे जमलं तर कमाल आकडाही घ्या.

आणि एखाद्या दिवशी आयओपीएस, थ्रूपुट, रीडचा वेळ सगळं नेहमीसारखं, फक्त राइटचा वेळ एकदम चढलेला दिसला, तर कंट्रोलरच्या (डिस्क चालवणाऱ्या भागाच्या) कॅशेची बॅटरी तपासा; वीज गेली तरी कॅशेतला डेटा तीच टिकवते. ती गेली की बरेच कंट्रोलर राइट कॅशेत न ठेवता थेट डिस्कवर लिहायला लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या सर्व्हर रूममध्ये, बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. नव्या डिस्कचं कोटेशन त्यानंतर मागवा.