घडीचा चाकू, मोठा

पाते मुठीच्या खाचेत मिटते असा, रोज जवळ बाळगण्याजोगा चाकू. पाते साधारण 9 सेंमी.हून लांब असल्यास तो मोठा समजला जातो. ही मर्यादा व्यापारातील रूढीने ठरलेली आहे. मराठवाड्यात मोठ्या घडीच्या चाकूला, तो कोठेही बनलेला असो, सरसकट रामपुरी म्हणतात.

ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे हाडाच्या मुठीचा, मिटणाऱ्या पात्याचा चाकू सापडला असून त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. 600 ते 500 असा धरतात. रोमन काळातील नमुने अधिक संख्येने उपलब्ध आहेत. या प्राचीन चाकूंचे पाते बहुधा केवळ ते ज्यावर फिरते त्या खिळीच्या घर्षणाने उघडे राहत असे. पात्याच्या बुडाला रेटणारी पाठीची पट्टीस्प्रिंग इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आणली, असे मानले जाते. स्पेनमधील नवाखा या घडीच्या चाकूत पुढे दातेरी अटक, म्हणजे उघडलेले पाते अडवून धरणारी रचना, आली. पाते उघडताना ती कटकट वाजते.

रामपुरी चाकूच्या उगमाबद्दल दोन तर्क संभवतात. आजच्या उत्तर प्रदेशातील रामपूर संस्थान 1774 मध्ये स्थापन झाले. तेथील तलवारी घडविणारे कारागीर बंदुकांच्या प्रसारानंतर चाकूंकडे वळले, हा पहिला. दुसरा तर्क रचनेवर आधारलेला आहे. गरारीदार रामपुरीतील दातेरी अटक व नवाखाची अटक यांतील साम्य पाहता युरोपीय नमुना कारागिरांसमोर असावा. दोन्हींत मूलतः विरोध नाही. कारागीर स्थानिक व अटकेची कल्पना बाहेरची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र दाते पाडून पाते अडविण्याची युक्ती स्वतंत्रपणे सुचण्याइतकी सोपी आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. मराठवाड्यातील लोहार व घिसाडी यांची परंपरा विळा, खुरपे, कुऱ्हाड, कोयता या अखंड पात्याच्या अवजारांची आहे. घडीचा चाकू या भागात मुख्यतः बाहेरून आलेला माल आहे.

निवडीत पात्याच्या लांबीपेक्षा खीळ व अटक यांना महत्त्व द्यावे. नुसत्या पट्टीस्प्रिंगच्या चाकूचे पाते पाठीवर दाब आला की बोटांवर मिटते. भोक पाडताना किंवा टोकाने उचकटताना असा दाब हमखास येतो, म्हणून मोठ्या चाकूला पक्की अटक हवीच. बॅक लॉकमध्ये पाठीच्या दांड्याचा दात पात्याच्या बुडातील खाचेत बसतो. 1964 मधील बक 110 या अमेरिकन चाकूमुळे ही रचना लोकप्रिय झाली. फ्रेंच ओपिनेल चाकू 1890 पासून बनत असला, तरी त्याला फिरत्या कड्याची अटक 1955 मध्ये मिळाली. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडामागे सरकते. फ्रेम लॉकमध्ये ते काम मुठीचाच एक भाग करतो. लायनर लॉक हलका व एका हाताने मिटता येणारा आहे, पण स्वस्त मालात ही पट्टी पात्याच्या बुडाखाली जेमतेम टेकलेली असते. खरेदीपूर्वी पाते पूर्ण उघडून, बोटे त्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर दाबून पाहावी. पाते आडवे हलवल्यास खिळीपाशी खेळ जाणवू नये. खटका दाबताच पाते उघडणाऱ्या चाकूची चपळाई अटकेच्या मजबुतीची हमी देत नाही.

पाते जितके लांब, तितका टोकावरच्या जोराचा ताण खिळीवर अधिक पडतो. म्हणूनच ऊसतोडीला कोयताच लागतो. घडीचा चाकू घाव घालण्यासाठी वापरला की वर्षभरात खिळखिळा होतो. ठिबकची नळी कापणे, खताच्या पोत्याची सुतळी तोडणे, मोसंबी सोलणे, जनावराचे अडकलेले दावे कापणे या कामांना 8 ते 10 सेंमी. पाते पुरते. पाते सुमारे 2.5 ते 3 मिमी. जाड व धारेकडे निमुळते असावे. जाड पाते दणकट दिसते, पण कांदा चिरण्याऐवजी फोडते.

पोलाद गंजरोधक की साधे कार्बनचे, हा निवडीचा प्रश्न कामावरून सुटतो. मोसंबी, लिंबू, चिंच यांच्या आम्लाने कार्बन पोलाद काळे पडते व न पुसल्यास गंजते. मात्र अशा अनेक पात्यांना दगडावर लवकर धार येते. नागमोडी नक्षीच्या पात्यांना विक्रेते ‘दमास्कस’ म्हणतात. ती बहुधा दोन प्रकारचे पोलाद थरांनी जोडून केलेली असतात. जुन्या हैदराबाद संस्थानातील कोनासमुद्रमचे प्रसिद्ध पोलाद मुशीत वितळवून तयार होई व त्यातील नक्षी आतील कार्बाइडच्या रचनेमुळे उमटे. दोहोंचा संबंध केवळ दिसण्यापुरता आहे. नक्षीसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा.

शस्त्र नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे नियंत्रित वर्गात मोडतात; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी बनविलेली त्यातून वगळली आहेत. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने बटनदार (खटक्याच्या) व गरारीदार (दातेरी अटकेच्या) चाकूंवर याहून कडक मर्यादा घातली. ती महाराष्ट्राला लागू नाही. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(1) अन्वये सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात चाकूच काय, काठी बाळगण्यासही मनाई होऊ शकते. त्यामुळे शेतात जवळ असलेला मोठा चाकू त्याच दिवशी तालुक्याच्या बाजारात अडचणीचा ठरू शकतो. नांदेडमध्ये सर्रास दिसणाऱ्या कृपाणाचे स्थान वेगळे आहे. शीख धर्माचरणाचा भाग म्हणून ते धारण करण्यास संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये मान्यता आहे. विमानाच्या हातसामानात चाकू सहसा नेता येत नाही.

काळ्या मातीची बारीक धूळ व खिशातला कापूस खिळीत साचून पाते जड चालते. मूठ पाठीकडून उघडी असल्यास ब्रशने झाडता येते. खोबरेल तेल सुमारे 24° से.च्या खाली थिजते, त्यामुळे परभणीकडच्या थंडीत ते खिळीत गोठून बसते. शिलाई यंत्राचे तेल बरे. धार कुरुंदाच्या दगडावर पाणी घेऊन लावावी. विजेच्या चाकावर पाते निळसर होईपर्यंत तापले, तर त्या जागेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि धार टिकत नाही.