मायापुरीचा कोबाल्ट परदेशी भंगारातून आला नव्हता

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सर्गाने एक कामगार दगावला. परदेशी भंगारातून विष आलं, असं तेव्हा बोललं गेलं आणि आजही अनेकजण तेच सांगतात. ते खरं नाही.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या तपासात माग थेट दिल्ली विद्यापीठापर्यंत गेला. रसायनशास्त्र विभागातलं गॅमा सेल हे प्रयोगांसाठी गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र १९८५ पासून बंद पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते जुन्या सामानासोबत लिलावात निघालं. भंगारवाल्यांनी शिशाचं कवच फोडलं आणि आतल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या कांड्या उघड्या पडल्या. एकाने तर चकचकीत तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला! कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. पंचवीस वर्षांनी उरलेला जेमतेम सत्ताविसावा हिस्साही जीवघेणा ठरला.

असा किरणोत्सर्गी स्रोत आणायला, हलवायला, टाकून द्यायला मंडळाची परवानगी लागते; वापर संपला की तो पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडेच द्यायचा. नियम होता. तो विद्यापीठाच्या आवारातच मोडला, म्हणून परदेशी भंगार उतरतं त्या बंदराकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. भंगार फोडणाऱ्याला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं.