गट तोच नव्हे: बायकांची बैठक आणि मनःस्वास्थ्य

पार्श्वभूमी

जात्यावर आणि पाणवठ्यावर बायका एकमेकींना काय सांगत, ते ओव्यांतून सगळ्यांना ठाऊक आहे. आज ग्रामीण महाराष्ट्रात सासुरवाशिणीला घराबाहेर हक्काने बसता येतं ते बचत गटाच्या बैठकीत. पैशाचं काम म्हटल्यावर घरचे फारसे अडवत नाहीत.

बँकांशी ५०० गट जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाला. १० ते २० जणी, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेत परतफेड आणि लिहिलेला हिशेब हा साचा तेव्हापासून टिकून आहे. यात मनाच्या आरोग्याचा उल्लेख कुठेच नाही. पण दर आठवड्याला त्याच बायका समोर बसल्या की कोण गप्प आहे, कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोण दोनदा आली नाही हे लपत नाही. वसुली आणि नोंदी आधी उरकल्या तर बोलायला वेळ उरतो. हिशेब शेवटी ठेवला की स्वयंपाकाची वेळ होते आणि सही करून बायका उठतात.

अशा बैठकांचा मनावर काय परिणाम होतो, हे २००५ ते २००८ दरम्यान झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत तपासलं गेलं. मूळ उद्देश नवजात बालमृत्यू रोखण्याचा होता. दर महिन्याला गट बसे, अडचणी मांडे, त्यातली कोणती आधी सोडवायची ते ठरवे, मग उपाय करून पाहून त्याचा आढावा घेई. मृत्यू घटलेच, शिवाय तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. हा आकडा उचलून धरणारे एक गोष्ट गाळतात: तिन्ही वर्षं मिळून पाहिलं तर नैराश्यातला फरक ठोस नव्हता. म्हणजे सहा महिन्यांच्या उपक्रमाकडून अशा फळाची आशा धरू नये.

खरा घोळ ‘गट’ या शब्दाचा आहे. मायक्रोफायनान्स कंपन्या, म्हणजे तारणाशिवाय छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्याही बायकांचे गट करतात आणि बोलण्यात दोन्ही एकच होतात. बचत गटात पैसा आधी बायकांचा स्वतःचा असतो. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर येतं, ते कोणाला द्यायचं हे गट ठरवतो आणि एखादीचं बाळंतपण असेल तर हप्ता पुढे ढकलण्यापुरती जमा हाताशी असते. कंपनीच्या गटात कर्ज प्रत्येकीच्या नावावर, सामायिक बचत शून्य आणि हमी मात्र एकमेकींची. कंपनीला ठेवी घेता येत नाहीत, त्यामुळे तो आधार तिथे तयारच होत नाही. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांना तो भरावा लागतो किंवा तिच्या दारात जाऊन बसावं लागतं. काल जिच्याजवळ मन मोकळं केलं, तीच आज चारचौघींत वसुलीला उभी राहते. हमीचा हा निर्णय बँकिंगच्या हिशेबात हुशारीचा ठरला. मैत्रीच्या हिशेबात तो घातक होता. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्याला अध्यादेश काढावा लागला.

सूक्ष्म कर्जांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. ही बंधनं कर्ज देणाऱ्यावर आणि त्याच्या वसुली प्रतिनिधींवर आहेत. हमी दिलेल्या शेजारणीने रात्री ८ वाजता दार वाजवलं, तर ते यात बसत नाही.