नवा फोन आठ तास चार्ज करायची गरज नाही

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानात परवा पुन्हा तेच ऐकलं: "काकू, आधी आठ तास चार्जिंगला लावा, मगच वापरा." काकूंनी लगेच मान डोलावली. मला राहवेना.

हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. ती अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केली की कमी चालते, असा अनुभव होता. आजच्या फोनमध्ये असते लिथियम-आयन. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिला ही खोड नाही. उलट वारंवार शून्यापर्यंत उतरवण्याने आणि उष्णतेने तिचं आयुष्य घटतं. १०० टक्के झाल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, मग उरलेले तास कशासाठी?

सुरुवातीचे दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरते, हे मात्र खरं. तो दोष बॅटरीचा नसतो. फोन आतल्या आत राबत असतो: जुने फोटो उतरवून घेतो, शोधासाठी त्यांची नोंद करतो, अ‍ॅप अपडेट करतो. शिवाय नवलाईने आपणही तो खाली ठेवत नाही. आठवड्यानंतरही तसंच चाललं, तर सेटिंगमध्ये कोणतं अ‍ॅप किती बॅटरी खातंय ते बघा.